खाणीतून घरी आलेले कपडे

होगनमध्ये, म्हणजे आमच्या लाकूड-मातीच्या गोल घरात, खोकायचं नाही, असा हॉस्कीबाबांचा नियम होता. तो त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. उबळ आली की ते काहीतरी निमित्त काढून उठत. कधी "मेंढवाड्याचं दार लागलंय का बघतो," तर कधी "कुत्रं का भुंकतंय बघतो." कुत्रं बिचारं त्यांच्या पायाशीच घोरत पडलेलं असे! मग पूर्वेच्या दारातून बाहेर पडून ते मेंढवाड्यामागे जात, कुंपणाच्या खांबाला धरून उभे राहत आणि ऊर फुटेस्तोवर खोकत.

परत आले की त्यांची बायको नानाबा मागावरची नजर न काढता विचारी, "लागलंय का दार?"

"लागलंय."

"दिवसातून कितीदा उघडतं बाई ते!" एवढं बोलून ती पुन्हा विणायला लागे.

गोऱ्यांच्या आधीपासून या मुलखात राहणाऱ्या आम्हा दिने लोकांत शब्दाला फार जपतात. चांगलं बोलावं, चांगलं चिंतावं, म्हणजे चांगलं घडतं. वाईटाचं नाव घेतलं तर ते वाट विचारत विचारत आपल्या दारापर्यंत येतं, असं लहानपणापासून आमच्या कानावर असतं. ही शिकवण खोटी नाही. तिने आम्हाला कितीतरी कठीण दिवसांतून पार नेलं आहे. पण चांगल्या शिकवणीचासुद्धा माणूस कधी कधी अडसर करतो आणि दार आतून घट्ट लावून बसतो. हॉस्कीबाबांचं तसंच झालं होतं.

तरुणपणी ते लुकाचुकाईच्या डोंगरात युरेनियमच्या खाणीवर होते. सुरुंग उडाला की धूळ बसायची वाट न पाहता आत जायचं, दगड भरायचे, तहान लागली की खडकातून ठिबकणारं पाणी प्यायचं. त्या दगडात काय असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते गप्प राहिले, आणि ज्यांना भोगावं लागलं तेही गप्प राहिले. त्यांचे जोडीदार एकेक करून गेले. कशाने गेले, हे कोणी विचारलं नाही. "थकला होता," एवढंच म्हणायचं आणि मान खाली घालायची.

कोकरं जन्मायच्या दिवसांत एका सकाळी लोरेटा आपली पिकअप घेऊन आली. लोरेटा एत्सिटी तपासणीच्या फिरत्या दवाखान्यात दुभाषी होती. डॉक्टरचं बोलणं आपल्या माणसांना आणि आपल्या माणसांचं डॉक्टरला समजावून सांगायचं, हे तिचं काम. ती हॉस्कीबाबांच्या वडिलांच्या कुळातली, म्हणजे नात्याने आतेबहीण. आणि आते-मामे भावंडांना एकमेकांची टर उडवायचा आमच्याकडे जन्मसिद्ध हक्कच असतो.

"काय म्हातारबुवा, अजून आहेस का?" आत येऊन चुलीपाशी बसत ती म्हणाली. "मला वाटलं, एखाद्या चांगल्या बाईने पळवून नेलं असेल तुला."

"आल्या होत्या दोघी-तिघी," बाबा म्हणाले. "माझी आतेबहीण लोरेटा आहे असं कळल्यावर पळून गेल्या."

नानाबा हसत हसत उठली. तिने कॉफी ओतली आणि निळ्या मक्याच्या घाट्याची वाटी पुढे केली. लोरेटाने दोन घास खाल्ले आणि मग मुद्द्यावर आली.

"मंगळवारी चावडीवर आमची गाडी येणार आहे. जे खाणीत होते त्यांची छाती, रक्त, लघवी सगळं तपासतात. फुकट. मी तुझं नाव सांगून ठेवलंय."

"मग आता नाही म्हणून सांग."

"का रे?"

बाबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "मागे एकदा दवाखान्यात गेलो होतो ना! मी बसायच्या आत डॉक्टरने त्या मोठ्या आजाराचं नाव माझ्या तोंडावर फेकलं. म्हणे तुम्हाला हे असेल, ते असेल, तुम्ही याने मराल, त्याने मराल. मी टोपी घातली आणि निघालो. जे नव्हतं ते त्याने त्या दिवशी माझ्यावर टाकलं!"

"चुकलंच त्याचं," लोरेटा लगेच म्हणाली. "आपल्या माणसाशी असं बोलायचं नसतं. त्याची बाजू मी घेणारच नाही. पण मला एक सांग. तुझ्या आईची झोप उडाली होती, आठवतं? तेव्हा तुझ्या बापाने विधीची गाणी गाऊन बरं करणाऱ्या गाणाऱ्याला थेट आणलं का?"

"असं कसं? आधी दुखणं पाहणारी आणली. तिचा हात थरथरला, मग तिने सांगितलं काय बिघडलंय ते. ते कळल्याशिवाय गाणारा कुठला विधी करणार?"

"आणि त्या पाहणारीने तुझ्या आईवर आजार टाकला?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मी बोलतेय होय काहीतरीच? अरे, आधी पाहायचं आणि मग बरं करायचं, ही आपल्या आज्या-पणज्यांची रीत आहे. ती काही गोऱ्या डॉक्टरांनी शोधून काढलेली नाही. आमची गाडी म्हणजे पाहणारीच आहे. पाहणं म्हणजे बोलावणं नव्हे!"

बाबा हळू आवाजात म्हणाले, "मी माझ्यासाठी भीत नाही, बये. माझं काय, पिकलं पान. पण तुम्ही काही शोधून काढाल, मग ते नाव या घरात येईल आणि हिच्यावर बसेल." त्यांनी नानाबाकडे नजर टाकली. "इतकी वर्षं मी ते दाराच्या आत येऊ दिलं नाही. खोकतोसुद्धा बाहेर."

"दार बघायला जाऊन," नानाबा म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"म्हाताऱ्या, मला मेंढीचं खोकणं ओळखता येतं आणि तुझं ओळखता येणार नाही?"

लोरेटाला हसू आलं, पण ते तिने आवरलं. कॉफीचा पेला खाली ठेवून तिने विचारलं, "खाणीतून सुटल्यावर कपडे कुठे बदलायचास रे?"

"बदलायचे कुठे? तिथे आंघोळीची सोय नव्हती की बदलायला जागा नव्हती. तसाच यायचो घरी."

"आणि मग?"

"मग काय, मी धुवायचे," नानाबा म्हणाली. "त्याच टबात मुलांचेही. हाताने चोळून चोळून! काय पिवळं पाणी निघायचं बाई त्यातून! लोकर रंगवायला पिवळी फुलं उकळतो ना, तसं. एकदा मला वाटलं, हा रंग फुकट का घालवायचा? म्हणून त्यात लोकर बुडवून ठेवली. दोन दिवस. बोटं पिवळी झाली, पण लोकरीने काही रंग धरला नाही. मी म्हटलं, खाणीचा रंगही खाणीच्या पगारासारखाच, धुतला की गेला!"

ती स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसली. पण लोरेटा हसली नाही, आणि हॉस्कीबाबांचा तर चेहराच उतरला. ते नानाबाच्या हातांकडे बघत होते. ज्या हातांनी या घरातली प्रत्येक घोंगडी विणली, तेच हात त्या पिवळ्या पाण्यात कोपरापर्यंत बुडलेले त्यांना दिसत होते.

अरेरे! ज्याला त्यांनी शब्दाने आत येऊ दिलं नव्हतं, ते त्यांच्याच सदऱ्यावर बसून रोज संध्याकाळी घरी येत होतं! पूर्वेच्या दारातून, पाहुण्यासारखं, राजरोस! आणि ते स्वतः मात्र तोंड मिटून राखण करत बसले होते.

"लोरेटा," ते एकदम म्हणाले, "तुमच्या गाडीत बायकांना तपासतात?"

"बायकांना तपासत नाहीत असं कोणी सांगितलं?"

"मग हिला आधी बघा!"

"मला काय झालंय?" नानाबा म्हणाली. "जरा पाय सुजतात, एवढंच. वयाचं असतं ते."

"पाय सुजतात?" बाबांनी विचारलं. "मला कधी बोलली नाहीस."

"तू तरी कुठे काय बोललास?" नानाबा म्हणाली.

लोरेटाने जाताना एवढंच म्हटलं, "दोघंही या. आणि म्हाताऱ्या, आंघोळ करून ये. डॉक्टरीण नवी आहे, घाबरायची."

मंगळवारी चावडीपुढे पिकअपांची रांग लागली होती. कोणीतरी मटणाचा रस्सा आणि तळलेली भाकरी आणली होती. खाणीतले जुने लोक बाकांवर बसून एकमेकांच्या टोप्यांची आणि पोटांची टिंगल करत होते. डॉक्टर हॅना तरुण होती आणि लोरेटाने तिला आपल्या रीतभाती शिकवल्या होत्या. ती "तुम्हाला हे होईल," असं एकदाही म्हणाली नाही.

"एखादा माणूस बरीच वर्षं खाणीत राबलेला असतो," ती सावकाश बोलायची आणि लोरेटा ते आपल्या भाषेत सांगायची, "अशा माणसाच्या छातीत कधी कधी धूळ घर करते. लवकर पाहिलं तर त्याचा श्वास सोपा करता येतो."

हॉस्कीबाबांना ते बोलणं आवडलं. तो एखादा माणूस जणू बाहेर बाकावर बसला होता आणि हे सगळे मिळून त्याची काळजी करत होते.

त्यांना एका नळीत जोराने फुंकायला सांगितलं. ते फुंकायला लागले तसा बाहेरून त्यांचा खाणीतला एक जुना सोबती ओरडला, "जपून रे! गाडी उडवशील!" हसता हसता बाबांना खोकला आला, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. छातीचा फोटो निघाला. नानाबाचं रक्त घेतलं, लघवी घेतली, हाता-पायांवर बोटं दाबून पाहिली.

निकाल सांगायला डॉक्टर आणि लोरेटा पुढच्या खेपेला दोघांना वेगळं घेऊन बसल्या.

बाबांच्या फुप्फुसांवर धुळीने व्रण केले होते. पण न भरणारी जखम (गाठीच्या त्या मोठ्या आजाराला आमच्या भाषेत असंच म्हणतात) कुठे दिसली नव्हती. श्वासासाठी औषध मिळणार होतं आणि दर वर्षी पाहत राहायचं होतं. बाबांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच.

"आणि हिचं?"

डॉक्टरने दुसरा कागद पुढे ओढला. नानाबाची मूत्रपिंडं थकायला लागली होती. थकली नव्हती, थकायला लागली होती. औषध होतं, मीठ कमी करायचं होतं, आणि खाणीजवळच्या विहिरीचं पाणी बंद करून चावडीच्या नळाचं पाणी भरून न्यायचं होतं.

"ते माझ्या कपड्यांनी झालं?" बाबांनी विचारलं.

"खरं सांगायचं तर ते कोणालाच नक्की सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाली. "कपड्यांमुळे असेल, पाण्यामुळे असेल, किंवा नुसत्या वयामुळेही. पण ते आज दिसलं, हे महत्त्वाचं."

"आणि आम्ही आलोच नसतो तर?"

लोरेटाने हे वाक्य पुढे सांगायला जरा वेळ घेतला. असलं काही विचारायची आमच्यात पद्धत नाही. डॉक्टरने आधी बाबांकडे पाहिलं, मग नानाबाकडे, आणि शब्द जपून उचलत म्हणाली, "एखादी बाई फार उशिरा येते. तिला मग यंत्राला जोडून बसावं लागतं, आठवडाभरात पुन्हा पुन्हा. तिला माग लावायला वेळ मिळत नाही, मेंढ्यांमागे जाता येत नाही. ही बाई तशी नाही. ही वेळेवर आली."

हॉस्कीबाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी डॉक्टरचा हात हलकेच हातात घेतला, आमच्याकडे घेतात तसा, न दाबता. आणि बराच वेळ सोडला नाही.

"हिला सांग," ते लोरेटाला म्हणाले, "माझ्या घरात पाहणारी आली आणि काही वाईट टाकून गेली नाही. माझी बायको मला परत देऊन गेली."

लोरेटाला ते सांगता येईना. "इतकी वर्षं माझी टिंगल केलीस," ती कशीबशी म्हणाली, "आणि आज बरा बोलायला लागलास!" पण डॉक्टरला बहुतेक सगळं कळलं असावं.

पुढे हॉस्कीबाबांनी गाणाऱ्याला बोलावून दोघांसाठी शुभगानाचा विधीही करून घेतला. डॉक्टरचं औषध आणि गाणाऱ्याचं गाणं यांचं त्यांच्या घरात कधी भांडण झालं नाही. गावच्या सभेत ते उभे राहिले तेव्हा आधी त्यांनी आभार मानले: लोरेटाचे, डॉक्टरचे, गाडी चालवणाऱ्याचे, रस्सा आणणाऱ्या बायकांचे. मग जे सोबती कोणी न पाहताच गेले, त्यांच्यासाठी ते क्षणभर गप्प उभे राहिले. आणि म्हणाले, "आपल्याला वाटलं, गप्प बसून आपण घर राखतोय. पण धुळीला कान नसतात. आपण बोललो नाही म्हणून ती परत जात नाही. तेव्हा या! आणि एकटे येऊ नका, घरच्या बाईलाही घेऊन या."

आता तपासणीची गाडी येणार असली की हॉस्कीबाबा सकाळीच आपली पिकअप काढतात. ज्या घरातला खाणकरी गेला आणि त्याची बायको मागे राहिली, अशा घरापुढे ते गाडी बंद करून बसतात. आमच्याकडे दार वाजवत नाहीत; आतलं माणूस बाहेर येईपर्यंत थांबायचं असतं. ते थांबतात. शेवटी म्हातारी बाहेर येते, कपाळावर हात धरून बघते आणि म्हणते, "मला कशाला नेतोस रे? मी कुठे खाणीत होते?"

"त्याचे कपडे कोण धूत होतं?" हॉस्कीबाबा विचारतात.

ती थोडा वेळ उन्हात उभी राहते. मग आत जाते, अंगावर शाल घेते आणि गाडीत येऊन बसते.

वाचकहो, असे कपडे जगात सगळीकडेच घरी येतात. कुठे त्यांच्यावर दगडाची भुकटी असते, कुठे कारखान्याची, कुठे शेतातल्या फवाऱ्याची. ज्याने ते अंगावर घातले त्याला सगळे विचारतात. ज्याने ते धुतले त्याला कोणी विचारत नाही. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर आज त्याच्याजवळ बसा आणि विचारा. भीतीचं नाव मोठ्याने घेतलं नाही तरी चालेल. पण तिच्याकडे पाहायला मात्र जा, आणि हात धरून जा. वेळेवर पाहणारं माणूस भेटलं, तर आभार मानायला विसरू नका. कारण आजाराला वाट दाखवतो तो आपला शब्द नव्हे, आपला उशीर!