घड्याळजींच्या नाडीवर चालणारी इंजिनं

घड्याळजींचा घड्याळावर काडीचाही विश्वास नव्हता. हसू नका. ज्या माणसानं उभा जन्म घड्याळांची पोटं उघडून आतली लबाडी पाहिली, त्याला ती काय फसवणार? "सगळी थापाडी," ते म्हणायचे. "गिऱ्हाईक दारात दिसलं की बरोबर चालतात आणि पाठ वळली की मागे पडतात." त्यांचा विश्वास होता फक्त स्वतःच्या नाडीवर. ती त्यांनी कुणाकडून दुरुस्त करून घेतलेली नव्हती.

दुकानाला कायमचं कुलूप लावल्यावर हा माणूस घरात बसून बायकोचं डोकं खाणार, हे उघडच होतं. पण तिचं नशीब थोर. गावातल्या वाफेच्या छोट्या इंजिनांच्या मंडळानं त्यांना परीक्षक केलं. ही इंजिनं चपलेच्या खोक्यात मावतील एवढी, पण खेळणी म्हणालात तर मंडळी अंगावर येतील. खऱ्यासारखं पाणी भरायचं, खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, वाफ धरली की टेबलावरच्या गोल रुळांवर सोडायचं. रंग, घडण, रिव्हेटं बघायला दुसरी माणसं होती. घड्याळजींकडे एकच काम होतं. इंजिन चालतं कसं, ते सांगायचं.

त्यांची रीत जगावेगळी होती. चांगल्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की चार धापा टाकतं, चारही सारख्या. एखादी धाप उशिरा आली की समजायचं, आत वाफ सोडणारी झडप नीट बसलेली नाही. घड्याळजी रुळांकडे पाठ करून खुर्चीत बसत, डोळे मिटत, उजव्या हातानं डावं मनगट धरत आणि म्हणत, "आणा माझ्या चालीवर." मालक वाफ कमीजास्त करून इंजिनाच्या धापा त्यांच्या नाडीशी जुळवून देई. मग धाप आणि ठोका बरोबरीनं चालू लागले आणि फेरी संपेपर्यंत जोडी फुटली नाही, तर घड्याळजी म्हणत, "चालतं." फुटली, तर "लंगडतं." तिसरा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

आता यात गोची अशी, की मंडळातच त्यांचे व्याही होते. लेकीचे सासरे, दातांचे डॉक्टर. या गृहस्थांनी दात कोरायच्या बारक्या ड्रिलनं एक हिरवंगार इंजिन घडवलं होतं आणि त्याला ते "राणी" म्हणत. वर्षानुवर्षं राणी रुळावर यायची आणि वर्षानुवर्षं घड्याळजी म्हणायचे, "लंगडतं." सणसणीत दाढदुखी असल्यासारखं तोंड करून डॉक्टर राणीला पेटीत ठेवायचे. व्याही म्हणून एकदा तरी "चालतं" म्हणावं? छे! घड्याळजींनी स्वतःच्या लग्नातही सासऱ्याचं घड्याळ मागे आहे म्हणून सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, यंदा जरा सांभाळून घ्या हं. मामंजींनी राणीचे सगळे भाग सुटे करून पुन्हा बसवलेत. जेवायला हाक मारली तरी येत नाहीत. यंदाही लंगडी ठरली तर भंगारात घालीन म्हणतायत."

"मी काय सांभाळणार? सांभाळायचं इंजिनानं."

"बाबा!"

"बरं बरं. नीट ऐकेन."

फोन ठेवून ते जिना चढायला लागले आणि मधेच कठडा धरून थांबले. बायको वरून बघत होती. "अहो, हल्ली सारखे थांबता का?"

"पायऱ्या नीट बसवलेल्या नाहीत," घड्याळजी म्हणाले. "एक आड एक उंच आहेत."

दुसऱ्या दिवशी सभागृहात स्पिरिटचा आणि तापल्या तेलाचा वास कोंदला होता. घड्याळजी पाठ करून बसले, मनगट धरलं. पहिलं इंजिन सुटलं. छान जोडी जमली, आणि मधेच फुटली. "लंगडतं." दुसरं आलं. तेही थोडं चालून अडखळलं. "लंगडतं." तिसऱ्याचा मालक रडकुंडीला आला. मग मंडळाचं स्वतःचं जुनं काळं इंजिन आलं. ते स्पर्धेत नव्हतंच, नुसतं वानगीदाखल दरवर्षी फिरवत आणि घड्याळजी दरवर्षी त्याला मान डोलवत.

"लंगडतं," घड्याळजी म्हणाले.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी पुढे आले, घसा खाकरून म्हणाले, "घड्याळजी, सगळीच कशी लंगडतील? जरा मोबाईलवर मोजून बघायचं का?"

"मोबाईल?" घड्याळजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझी नाडी चुकते असं म्हणायचंय तुम्हाला?"

सेक्रेटरी मागे सरकले. शेवटी राणी आली. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तिला रुळावर ठेवलं. घड्याळजींना पाठमोरं बसूनही कळलं, की व्याही श्वास रोखून उभे आहेत. मनातल्या मनात ते म्हणाले, बाई गं, चाल एकदाची. खरंच म्हणाले. राणी निघाली. धाप आणि ठोका, धाप आणि ठोका, सुरेख! आणि मग धाप आली, ठोका आलाच नाही.

घड्याळजींना फार वाईट वाटलं. "लंगडतं," ते हळूच म्हणाले.

डॉक्टरांचा पारा चढला. इतक्या वर्षांचा सगळा एकदम. "माझं इंजिन लंगडतं? बघू तो हात! कोणत्या मापानं मोजता ते तरी बघू द्या लोकांना!" आणि त्यांनी खसकन व्याह्यांचं मनगट ओढून स्वतःच्या बोटांखाली धरलं.

मग डॉक्टरांनी बोटं जरा सरकवली, पुन्हा दाबली. रोज दात उपटण्याआधी म्हाताऱ्याकोताऱ्यांची नाडी बघायची सवय असलेली बोटं ती. मागे राणी एकटीच फेऱ्या मारत होती.

"व्याही," डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "चला, गाडीत बसा."

"आणि निकाल?"

"तुमचाच लागायच्या आत चला म्हणतोय मी!"

त्या दिवशी स्पर्धा तशीच अर्ध्यावर राहिली. हॉस्पिटलात कळलं, की घड्याळजींचं हृदय मधूनमधून एखादा ठोका खाऊन टाकत होतं आणि असं आणखी काही दिवस चाललं असतं तर एक दिवस सगळेच खाल्ले असते. लगोलग छातीत पेसमेकर बसवला. ते शुद्धीवर आल्यावर बायकोनं त्यांना समजावून सांगितलं, की आत एक छोटं यंत्र आहे, बॅटरीवर चालतं आणि ठोके चुकू देत नाही.

घड्याळजींनी छातीवरची पट्टी चाचपली. "म्हणजे घड्याळच की," ते म्हणाले. "तेही दुसऱ्या कुणी बसवलेलं." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला वाटलं, मरणातून वाचले म्हणून. त्यांना मात्र लाज वाटत होती. धडधाकट इंजिनांना आपण लंगडं म्हटलं होतं, भर सभेत.

घरी आल्यावर डॉक्टर भेटायला आले. काखेत पेटी. मागे लेक, हातात रूळ. डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर रूळ जोडले, राणीत पाणी भरलं, दिवा लावला.

"त्या दिवशीचा निकाल राहिलाय," डॉक्टर म्हणाले.

घड्याळजींनी खुर्ची फिरवली, डोळे मिटले, मनगट धरलं. नाडी आता दुकानातल्या नव्या घड्याळासारखी बिनचूक होती. राणी निघाली. त्यांनी मन लावून ऐकलं. पहिली धाप, दुसरी, तिसरी... आणि चौथी, केसभर उशिरा. पुन्हा तीन, आणि चौथी उशिरा.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या माणसानं यमाच्या दारातून ओढून आणलं, तो मागे उभा. लेक डोळे वटारून बघत असणार, हे न बघताही कळत होतं. एक शब्द बोलला की राणी भंगारात. दुसरा बोलला की सगळं गोड. आणि तो दुसरा शब्द बोलायला त्यांची जीभ उचलेना.

"व्याही," ते कसंबसं म्हणाले, "तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. पण लंगडतं हो."

"बाबा!" लेक ओरडली.

डॉक्टर मात्र धपकन खुर्चीत बसले आणि पोट धरून हसायला लागले. हसता हसता खिशातून बारका पेचकस काढला. "सकाळीच एक पेच सैल केला होता मी. म्हटलं, हा माणूस आता मला उपकाराचा नंबर देणार. तसला नंबर घेऊन मी काय करू?"

त्यांनी पेच पिळला. राणी पुन्हा सुटली. एक फेरी झाली, दुसरी झाली, पाणी संपत आलं तरी घड्याळजी डोळे उघडेनात. लेक घाबरून पुढे आली.

"बाबा, ठीक आहात ना?"

"गप गं," ते म्हणाले. "चालतं. दोन्ही चालतायत."