गिअरच्या पायातला बूट

मी डावा बूट बोलतोय. उजवा शेजारीच पडलाय, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही. मोटारसायकलवर त्याला एकच काम, ब्रेक दाबायचा. गिअर टाकतो तो मी. गाडी थांबली की जमिनीवर टेकतो तोही बहुतेक वेळा मीच. म्हणून आमच्या जोडीची हकीकत मी सांगणार. त्याने ऐकावी.

माझा जन्म आग्र्याचा. जाळीचं कापड, पातळ पण चिवट तळ, घोट्याभोवती मऊ गादी आणि चवड्यावर रबराची जाड पट्टी. गिअरची दांडी वर उचलताना बूट तिथेच घासतो, म्हणून ती पट्टी. गाडी चालवावी, उतरावं आणि बूट न बदलता डोंगर चढावा, अशासाठी मला बनवलं. बनवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पुढे मी कुणाच्या पायात जाणार, हे त्या बिचाऱ्यांना कुठे माहीत होतं?

मी गेलो पियूषच्या पायात.

पियूष मूळचा अकोल्याचा. आयटी कंपनीत नोकरी, महाळुंग्याच्या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर घर. गाडी घेतली होती ती भली दांडगी. आता तिला शोभणारे बूट हवेत म्हणून तो बालेवाडीजवळच्या दुकानात आला. बरोबर बायको होती, किमया. ती परभणीची.

"हलका पाहिजे," पियूष दुकानातल्या शैलेशला म्हणाला, "पण मजबूत. घोटा झाकला पाहिजे, पण चालताना टोचायला नको. पाणी आत यायला नको, पण हवा खेळली पाहिजे."

"रोज रायडिंग करता का सर?"

"रोज नाही. आता सुरू करणार आहे."

"आणि ट्रेकिंग?"

"तेही करणार आहे ना!"

मी फळीवरून ऐकत होतो. जो माणूस अजून काहीच करत नव्हता, त्याला सगळंच्या सगळं एका बुटात हवं होतं.

मग त्याने मला हातात घेतलं. मधून वाकवलं, पिरगळलं, टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. नाकाशी नेऊन वासही घेतला. आरशासमोर स्टुलावर पाय ठेवून गाडीवर बसल्यासारखा उभा राहिला आणि मान तिरकी करून स्वतःकडे बघत बसला. मोबाइलवर कुणी परदेशी गृहस्थ माझ्याबद्दल काय म्हणतो, तेही त्याने माझ्यासमोरच ऐकलं.

"मलाही एक जोडी बघू का?" किमयाने विचारलं.

"तू तर मागे बसणार. तुला कशाला?"

शैलेश भला माणूस. त्याने तरी बायकांच्या खणातले बूट काढले. एकही तिला होईना. "मॅडमचं माप जरा मोठं आहे," तो चाचरत म्हणाला. पियूष मोठ्याने हसला. किमयाने पाय गुपचूप सँडलमध्ये सरकवला आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. हसणाऱ्याचे स्वतःचे पाय किती नाजूक होते ते मी नंतर आतून पाहिलं. दोघांचं माप जवळपास एकच होतं. पण ते त्या दिवशी माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आणल्यावर त्याने मला किमयाच्या केकचा मैदा मोजायच्या काट्यावर ठेवलं. मग माझा व्हिडिओ केला. "मित्रांनो, असा बूट तुम्हाला शोधून सापडणार नाही!" तोपर्यंत मी पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चाललो होतो. तेवढ्यावर त्याने माझी टिकाऊपणाची हमी जगाला देऊन टाकली.

माणसांची ही एक जात मला कळली आहे. त्यांना वस्तू घ्यायला आवडतं, वापरायला नाही.

पियूष एका रायडर मंडळींच्या गटात शिरला. गटाचे म्होरके अण्णासाहेब, वयाने साठीच्या पुढचे. कासार आंबोलीला त्यांचा बंगला. रविवारी सकाळी सगळ्यांनी तिथे जमायचं, पौड रस्त्याला कुठेतरी मिसळ खायची, फोटो काढायचे आणि दमलो दमलो म्हणत घरी यायचं. याला ते राइड म्हणत.

अण्णासाहेबांचे बूट गुडघ्याच्या खालपर्यंत. आत लोखंडी पट्ट्या, बाहेर बक्कलं. चालताना जुन्या दारासारखे करकरायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला काठीने ढोसलं.

"हे बूट आहेत की मोजे?"

"अण्णा, चालायलाही बरे पडतात," पियूष म्हणाला.

"चालायचंय कुणाला? रायडरचा बूट जडच हवा. पडलास तर पाय वाचतो."

यावर त्यांचा वाद जो सुरू झाला तो मिसळ येईपर्यंत. जड बरा की हलका बरा. दोघांनाही खुर्चीतून उठायचं नव्हतं, म्हणून वाद रंगला. किमया एका बाजूला बसून पाव तोडत होती. तिला कुणी विचारलं नाही. परभणीला असताना वडिलांची मोटारसायकल ती शेतापर्यंत न्यायची, हे तिने एकदा सांगितलं होतं. "ही गाडी जड आहे, तुला झेपणार नाही," म्हणून पियूषने तो विषय संपवला होता.

जानेवारीतल्या एका रविवारी बाकीची मंडळी मिसळीवरूनच परत फिरली. अण्णासाहेबांना मात्र हुरूप आला. ते, पियूष आणि मागे किमया, असे तिघे मुळशी धरण मागे टाकून ताम्हिणीच्या बाजूला निघाले. रस्त्याकडेला गाड्या लावल्या. तिथून रानातून एक पायवाट कड्यापर्यंत जाते. तिथला फोटो अण्णासाहेबांना हवा होता.

पायवाट उन्हाने वाळलेली, गवत पिवळं, मध्येच गुळगुळीत कातळ. मी आनंदात होतो. माझा तळ पहिल्यांदा खऱ्या दगडाला लागत होता. पियूष मात्र दर थोड्या अंतराने थांबून माझ्यावरची धूळ झटकत होता. किमयाच्या सँडलचा पट्टा वाटेतच तुटला. ती दोन्ही सँडल हातात घेऊन अनवाणी चालत होती. नवऱ्याने मागे वळून म्हटलं, "सांगितलं होतं ना, नीट काहीतरी घालून ये."

मी त्याच्याच पायात होतो. नाइलाज होता.

कडा जवळ आला आणि पुढचे अण्णासाहेब घसरले. कडक तळाच्या त्या जड बुटाला कातळाचा अंदाज येईना. खालच्या कोरड्या घळीत ते गडगडत गेले. आम्ही उतरून पोचलो तेव्हा ते पडल्या जागी कण्हत होते. घोट्याला काही झालं नव्हतं, तो बुटात सुरक्षित होता. पाय बुटाच्या वर मोडला होता.

मोबाइलला रेंज नव्हती. पियूष हात उंच करून इकडेतिकडे फिरला, हाका मारून झाल्या. अण्णासाहेबांचा चेहरा पांढरा पडत चालला, अंगाला दरदरून घाम सुटला.

"त्यांना शुगर आहे," किमया म्हणाली. तिने पर्समधली लिमलेटची गोळी त्यांच्या तोंडात सरकवली, पाणी पाजलं. "कुणीतरी जाऊन माणसं आणायला हवीत. पियूष, तू जा. बूट आहेत तुझ्याकडे, गाडी आहे."

मी सरसावून बसलो. याचसाठी तर मला बनवलं होतं. चालायचं, गाडीवर बसायचं, गिअर टाकायचा, जायचं.

पियूष जागचा हलला नाही.

"मी अण्णांजवळ थांबतो," तो म्हणाला. "कुणीतरी थांबायला हवंच ना."

"मी थांबते. तू जा."

"येईल गं कुणीतरी. रविवार आहे."

"कोण येणार इथे?"

"वाटेत दोन फाटे होते. चुकलो तर? आणि रानात काय काय असतं..." त्याची बोटं माझ्या आत आखडून बसली होती. भीती वाटण्याबद्दल मी कुणाला नावं ठेवत नाही. पण भीतीला काळजीचा सदरा घालून पुढे करणाऱ्याला मी काय म्हणावं?

अण्णासाहेबांनी डोळे मिटले. किमया उठली.

"बूट काढ."

"काय?"

"पियूष, बूट काढ. आणि किल्ली दे."

"अगं, ती गाडी तुला..."

"काढ म्हणते ना!"

त्याने आम्हाला काढलं. पांढऱ्याशुभ्र मोज्यांत तो दगडावर बसून राहिला, शाळेबाहेर काढलेल्या पोरासारखा.

मग तिचा पाय माझ्यात आला. काट्यांनी ओरबाडलेला, गरम, मातीने भरलेला. टाच मागे घट्ट बसली, बोटं पुढे मोकळी झाली. तिने नाडी ओढून बांधली आणि तिचं लोंबतं टोक आत खोचलं. ते टोक गिअरमध्ये अडकू शकतं, हे इतके व्हिडिओ बघूनही पियूषला कधी सुचलं नव्हतं.

ती धावली नाही, भरभर चालली. फाट्याशी थांबून तिने आपल्याच अनवाणी पावलांचे ठसे धुळीत शोधले आणि नेमकी वाट धरली. कातळावर मी तळ पसरून धरला. एकदा ती गुडघ्यावर पडली, "आई गं" म्हणाली आणि उठून पुन्हा चालू लागली. तिचा श्वास मला खालपर्यंत ऐकू येत होता.

रस्त्यावर गाडी उभी होती. स्टँडवरून उतरवताना ती कलली. मी जमिनीत टाच रोवून उभा राहिलो, किमया दात आवळून तोलत राहिली. गाडी सरळ झाली. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. "थांब, थांब," ती स्वतःलाच म्हणाली. दुसऱ्यांदा मी दांडी खाली दाबली, पहिला गिअर पडला, आणि गाडी निघाली. मग दांडीखाली चवडा घालून वर उचलायचं. दुसरा. तिसरा. रबराच्या पट्टीवर काळा वळ उठला. मिसळीच्या फेऱ्यांनी ती पट्टी नुसती पुसट झाली होती. खरा वळ हा पहिला.

पहिली वस्ती लागली तिथे तुळजाबाईंची चहाची टपरी. किमयाने गाडी दारातच उभी केली.

"माणूस पडलाय, मावशी! पाय मोडलाय. कड्याच्या वाटेला."

"आगं बाई! कुटं, त्या घळीत? लई आत गेलासा की!" तुळजाबाईंनी वळून हाक दिली, "ए वाल्मीक! जीप काढ. आन् दोगाचौगांना घे. बांबू घे, घोंगडी घे." मग तिच्या गुडघ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुलाबी लागलंय की गं. बस हितं जरा."

"नको. वाट मला दाखवायला हवी."

"वाट ठावं हाय आमाला, ताई," वाल्मीक म्हणाला.

"तरी मी येते. त्यांना शुगर आहे. साखर द्या थोडी."

साखरेची पुडी मुठीत धरून ती जीपमध्ये बसली आणि पुन्हा सगळी वाट चालली.

आम्ही घळीत पोचलो तेव्हा पियूष धडपडत उठला. बायकोचा गुडघा रक्ताने माखलेला होता. तो म्हणाला, "गाडी कुठे लावलीस? पडली वगैरे नाही ना?"

वाल्मीकने एकदा त्याच्या मोज्यांकडे पाहिलं, एकदा किमयाकडे. बांबूंना घोंगडी बांधून चौघांनी अण्णासाहेबांना उचललं. जीपमध्ये त्यांचं डोकं किमयाच्या मांडीवर होतं, ती त्यांना बोलतं ठेवत होती. पौडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ते जड बूट कात्रीने कापून काढले.

अण्णासाहेब वाचले. वेळेवर आणलं म्हणून, असं डॉक्टर म्हणाले.

पुढे एका रविवारी गट कासार आंबोलीला जमला. अण्णासाहेब प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. त्यांच्या पत्नी नलिनीकाकू पोहे वाटत होत्या. पियूषने हकीकत सांगायला घेतली.

"मी विचार केला, अण्णांना एकटं सोडायचं नाही. म्हणून मी थांबलो आणि माझे बूट देऊन किमयाला पाठवलं."

पाठवलं! मी दाराशी होतो. मला चप्पल व्हावंसं वाटलं. निदान फेकून तरी मारता आलं असतं.

"शाबास," अण्णासाहेब म्हणाले. "डोकं शांत ठेवलंस."

"पण बूट कुठले ते? त्या वाटेने तिला इतकं झटपट नेलं म्हणजे..." कुणीतरी विचारलं. पियूषने लगबगीने मला उचलून आणलं. मग मी सगळ्यांच्या हातांतून फिरलो. पुन्हा मधून वाकवणं, पुन्हा टोक दाबणं. "केवढा हलका!" "ग्रिप बघ." अण्णासाहेबांनीही मला तळहातावर तोललं. "मानलं बुवा. चालता आलं की असेच मागवतो."

ज्या पायाने ती वाट दोनदा तुडवली तो पाय समोर होता, गुडघ्यावर खपली धरलेली. त्याच्याकडे एकानेही पाहिलं नाही. नलिनीकाकू तेवढ्या पोह्यांची बशी घेऊन किमयाजवळ बसल्या. "घाबरली नाहीस गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"खूप घाबरले होते, काकू."

एवढंच ती बोलली. मग उठली, अण्णासाहेबांच्या हातातून मला काढून घेतलं आणि पायरीवर बसून नाड्या बांधल्या.

"अगं, माझे बूट..." पियूष म्हणाला.

"तू दुसरे बघ. तुला निवडायला आवडतं."

सगळे हसले. ती हसली नाही. गाडीची किल्ली तिने त्या दिवसापासून परत दिली नाही.

आता मी तिचा आहे. उरवड्याच्या एका कारखान्यात तिने प्रयोगशाळेत नोकरी धरली आहे. रोज सकाळी गाडीवर जाते. सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाते, कधी एकटी, कधी तुळजाबाईंकडे चहाला थांबून. माझी जाळी करंगळीपाशी फाटली आहे, तळाची नक्षी बुजत चालली आहे, रबराची पट्टी अर्धी झिजली आहे. अजून थोडे दिवस निघतील. मला खंत नाही.

पियूषने नवे बूट आणले, महागडे, माझ्याहून हलके. ते खोक्यातच आहेत. अण्णासाहेबांच्या गटातल्या बऱ्याच जणांनी माझ्यासारखे मागवले, असं ऐकतो. मागवोत. त्यांच्या पायांत माझे भाऊबंद मिसळ खायला जातील आणि परत येतील.

वाचकहो, तुम्हीही कधीतरी आम्हाला घ्यायला याल. वजन बघाल, तळ बघाल, घोटा बघाल. बघा, बघायलाच हवं. पण दुकानदाराला शंभर प्रश्न विचारून झाले की खाली वाकून आपल्या पायांनाही एक विचारा, जाणार आहात का कुठे?

किमया आली. टाच पायरीवर आपटून माझ्यातली माती झाडते आहे. मी निघालो.

तुम्ही बसा निवडत.