काहिलीचं धुवण

सोमवार, सकाळचे साडेदहा. विहिरीपलीकडच्या रानात, नांगरट निम्म्यावर असताना मी उकळलो. रेडिएटरचं टोपण उडालं, वाफेचा लोट वर गेला आणि माझ्या ड्रायव्हरनं, गुंडानं, मला बंद केलं. अकरा दिवसांत ही सातवी वेळ.

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. सध्या साल एकोणीसशे सत्तेचाळीस, जानेवारी महिना. माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यातला. बोटीनं मुंबईला आलो, तिथून रेल्वेनं ताकारी स्टेशनात. माझी चाकं लोखंडी, दातेरी. सुरू होतो पेट्रोलवर, चालतो रॉकेलवर. वाळवा तालुक्यातल्या लालासाहेबांच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा त्यांच्या चुलतीनं, अंबूबाईनं, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला नाव दिलं, लोखंड्या. माणसं लांबून मला बघायला यायची. काय दिवस होते ते!

मग लढाई लागली. रॉकेल मिळेना. चार वर्षं मी गोठ्याशेजारी उभा होतो. एक कोंबडी माझ्या बैठकीवर अंडी घालायची. गुंडा तेवढा दर अमावस्येला यायचा, हँडल दोन फेरे फिरवायचा आणि म्हणायचा, "गंजू नगं गड्या, आपलं दिस येतील." ते गेल्या दिवाळीनंतर आले.

आणि आता हे उकळणं.

लालासाहेब बांधावरूनच ओरडले, "गुंडा, तुजं ध्यान कुठं असतं रं? पाणी बघतोस का न्हाई?"

"घटकंघटकंला बघतोय मालक. पट्टा ताणला, जाळीतला पाला काढला. आनि काय करू?"

"मग ह्येचं वय झालं. उद्या चांदसाहेबाला दाखवतो. त्यानं हात टेकलं, तर ह्यो मोडीत आन तू बैलामागं."

माझ्या बैठकीवरची धूळ गुंडानं पटक्याच्या शेवानं पुसली. नऊ वर्षं तो तिथं बसत होता.

चांदसाहेब मंगळवारी सकाळी सायकलवरून आला. इस्लामपुरात त्याचं ट्रक दुरुस्तीचं दुकान. सहा वर्षं फौजेत, मिसरच्या वाळवंटात, त्यानं गाड्या चालत्या ठेवल्या होत्या. त्यानं आधी पान्याला हात लावला नाही. मला सुरू करायला लावलं आणि तापल्यावर रेडिएटरवरून तळहात फिरवला, वैद्य पोट चाचपतो तसा.

"कडंला चटका बसतोय, मधी गार. म्हंजी मधल्या नळ्यांतनं पाणी फिरत न्हाई. बुजल्यात."

मला थंड होऊ दिलं आणि मग त्यानं खालची तोटी उघडली. पाणी सुतळीएवढं बारीक आलं, तपकिरी रंगाचं. त्यानं हुंगलं, बोट बुडवलं आणि चक्क जिभेला लावलं.

"गुंडा, गाडी हाकतोस का चा उकळतोस रं ह्यात?"

"का? काय झालं?"

"गोड हाय!"

लालासाहेबांनी गुंडाकडे पाहिलं. "काय घातलंस?"

'गोड' म्हटल्यावर गुंडाची नजर शेजारच्या गुऱ्हाळाकडे गेली. माझं तोंड गोडच होतं, मित्रांनो, पण मला जीभ नाही. मला सगळं ठाऊक होतं. आमच्या गुऱ्हाळाची एक रीत आहे. उसाचा रस ज्या मोठ्या कढईत आटवतात, त्या काहिलीचं धुवण, म्हणजे ती धुतलेलं गोडसर पाणी, दुपारी घाण्याच्या बैलांना पाजायचं. गुंडा भाकरी खायला गेला, की अंबूबाई माझं टोपण उघडून एक तांब्या मलाही पाजायची. माझ्या पाठीवर थाप मारायची. मी लोखंडाचा, पण त्या थापेची वाट बघायचो.

"त्येला काय इचारतोस?" अंबूबाई काहिलीखालच्या चुलवणापासून उठून आली होती. "म्या घातलं. बैलं राबत्यात म्हनून गोड पित्यात. ह्यो धा बैलांचं काम करतोय, त्येनं काय पाप केलंय?"

"काकी!" लालासाहेबांनी कपाळाला हात लावला.

"मावशी," चांदसाहेब हसू आवरत म्हणाला, "तुमी ह्येच्या पोटात गूळ केलासा. रसाची मळी काढायचा चुना, भेंडीचा चिकटा, चोथा, समदं नळ्यांत बसलं. त्येला सादं पानी द्या, लय झालं."

अंबूबाईचा चेहरा उतरला. ती माझ्याजवळ आली, पण तिनं थाप मारली नाही.

धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून चांदसाहेबानं मला तीनदा धुतलं. शेवटचं पाणी जवळजवळ नितळ आलं. जाताना तो म्हणाला, "दोन नळ्या काय उघडल्या न्हाईत. आठ दिस चालवून बगा. उकळला, तर रेडिएटर नवा लागंल, आन ह्येचा आता कुठं मिळायचा न्हाई."

"आठ दिस," लालासाहेब म्हणाले. "मग ठरवू."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं. माया जरूर करा, पण ज्याच्यावर करता त्याला काय पचतं ते आधी विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर जो रोज त्याच्याजवळ असतो त्याला विचारा. मला दुर्लक्षानं गंज चढला, तो गुंडानं घासून काढला. मायेनं चढलेला थर मात्र अजून पुरता निघालेला नाही.

आज सातवा दिवस. सकाळचे पावणेअकरा. टोपण जागेवर आहे. मधला भागही तापतो आहे, म्हणजे पाणी फिरतंय, पण पुरेसं की नाही ते कळत नाही. अंबूबाई बांधावरून येते आहे, डोक्यावर घागर. घागरीत काय आहे ते मला इथून दिसत नाही. गुंडानं तिला पाहिलं आहे आणि इंजिन चालू ठेवूनच तो खाली उतरतो आहे, घागर आधी बघायला.