तीन क्लब आणि एक गाडी

वहिनीने वीस वर्षांत साडेतीन हजार माणसांना गाडी शिकवली, पण स्वतः मात्र ती फारशी चालवली नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारा बसतो शेजारच्या सीटवर, पायाशी एक जादा ब्रेक घेऊन. चालवणारा आता घाबरणार आणि भलत्याच ठिकाणी पाय दाबणार, हे तिला त्याच्याआधी कळायचं. तिचा नवरा, म्हणजे घरातला दादा, छापखान्यात मुद्रितं तपासायचा. नणंदेचं गॅरेज होतं. तिला लहानपणापासून घरात सगळे पाना म्हणत, कारण बाहुली दिली तर ती तिचे हात खोलायला पाना मागायची.

शर्यतीचं खूळ पानाचंच. भंगारात निघालेली एक जुनी हॅचबॅक तिने दोन वर्षं खपून उभी केली होती. आतलं सगळं काढून टाकलं, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, एकच सीट ठेवली. शर्यत हौशी लोकांची आणि दमाची; आसपासचे तीन क्लब अशा शर्यती भरवत. ठरलेल्या तासांत कोणाच्या फेऱ्या जास्त होतात, एवढंच त्यात मोजतात. चालक आळीपाळीने बसतात, गाडी मात्र तीच.

"एकटीला भाग घेता येत नाही," पाना म्हणाली. "वहिनी, तू चल."

"मी? अगं, मी लोकांना हळू चालवायला शिकवते."

"तेच तर हवंय. मी चालवणार वेगात, तू चालवणार शहाणपणाने."

"म्हणजे तुझ्यात ते नाही, हे लेखी देतेस का?" दादा हातातल्या मुद्रितावरून नजर न काढता म्हणाला.

पहिल्या क्लबाच्या शर्यतीला ते तिघं पहाटे उठून गेले आणि जेवायच्या वेळेला घरी परत आले. तपासनिसाने पिंजरा पाहिला, वेल्डिंगवरून हात फिरवला, मान डोलावली. मग सीटच्या पट्ट्यावरचं इवलंसं लेबल चष्मा वर करून वाचलं.

"पट्टे उत्तम आहेत," तो म्हणाला. "पण यांची मुदत संपलीय. गाडी उतरवता येणार नाही."

परतीच्या वाटेवर दादाने विचारलं, "नियमपुस्तक वाचलं होतंस ना?"

"चाळलं होतं."

"चाळायला ते काय पीठ आहे?"

त्या दिवसापासून नियम दादाच्या ताब्यात गेले. त्याने आसपासच्या तिन्ही क्लबांची पुस्तकं मागवली आणि तांबडी पेन्सिल घेऊन बसला. पहिल्या क्लबात पेट्रोल भरताना चालक आत बसलेला चालत होता, दुसऱ्यात त्याने उतरलंच पाहिजे असं होतं. तिसऱ्यात प्रत्येक थांबा पाच मिनिटांचा, चार मिनिटं एकोणसाठ सेकंदांत निघालात तर दंड. दादाने सगळं शेजारी शेजारी मांडून तक्ता केला. शिवाय तिसऱ्या क्लबाच्या पुस्तकातल्या छपाईच्या अकरा चुका काढून त्यांना पत्रही धाडलं. क्लबाने आभार मानल्यावर स्वारी आठवडाभर खुशीत होती.

नवे पट्टे लावून ते पुन्हा पहिल्या क्लबाकडे गेले. चौथ्या तासाला रेडिएटर फुटला आणि निकालात त्यांच्या नावापुढे 'अपूर्ण' लागलं. दुसऱ्या क्लबात मात्र त्यांनी शर्यत पुरी केली. एकोणतीस गाड्यांत सव्विसावा नंबर. तिथे पहिली वीस मिनिटं वहिनी येईल त्याला वाटच देत राहिली. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की हे सगळे चालक तिच्या शिकाऊ माणसांसारखेच आहेत. हा उतावळा आहे, वळणावर बाहेर फेकला जाणार. हा मागे बघतोय, पुढचं विसरणार. ती चार हात लांब राहायची, ते भिरभिरायचे, आणि ती शांतपणे बाजूने निघून जायची.

तिसऱ्या क्लबाची शर्यत आठ तासांची होती, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. गाड्या चाळीस. दुपारी चारला पाना गाडी घेऊन थांब्यावर आली तेव्हा ते सहाव्या नंबरवर होते. शेवटचे दोन तास तिने चालवायचे ठरले होते, त्यातला एकच झाला होता. तरी ती उतरली आणि हेल्मेट काढून वहिनीसमोर उभी राहिली.

"ब्रेक संपत आलेत. बदलायचे तर अर्धा तास जाईल. माझ्या पायाखाली ते पंधरा मिनिटं टिकतील, तुझ्या पायाखाली तास काढतील. तू बस."

शेवटच्या झेंड्यापर्यंत गाडी नेण्याची पानाला किती हौस होती, हे वहिनीला ठाऊक होतं. "अगं, पण शेवट तू..."

"बस म्हटलं ना!"

"वहिनीची एक तास विश्रांती झाली आहे, नियमात बसतं," दादाने घड्याळावरची नजर न हलवता सांगितलं. "पाच मिनिटं पुरी व्हायला चाळीस सेकंद आहेत. भांडून झालं असेल तर पट्टे लावा."

वहिनीने तो तास जिवापाड सांभाळला. वळण यायच्या कितीतरी आधी पाय उचलायचा, गाडीला आपसूक मंदावू द्यायचं, गिअर उतरवून वेग मोडायचा, आणि ब्रेकवर पाय अलगद ठेवायचा. दादा रेडिओवरून कानात फेऱ्यांची वेळ सांगत होता. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून फार तर सेकंदभर पुढेमागे. पुढच्या एका गाडीचं पेट्रोल संपलं, एक गरकन फिरून गवतात गेली, एकीला दंड झाला. पाच वाजता झेंडा पडला तेव्हा ते तिसरे होते!

पानाने दादाला मिठी मारून जमिनीवरून उचललं. वहिनी गाडीतून उतरली, पण हसली नाही. तिने नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "धोक्याचा पिवळा झेंडा दाखवत असताना पुढच्या गाडीने हात करून 'जा' म्हटलं, तर तिला ओलांडून जाता येतं?"

"दुसऱ्या क्लबात येतं. इथे नाही. एक फेरी वजा." आणि मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "केव्हा?"

"शेवटी शेवटी. लाल गाडीतून धूर निघत होता, त्याने हात केला, मी गेले. झेंडा दिसला तोवर त्याला मागे टाकलं होतं."

पाना जवळ आली होती. तिने सगळं ऐकलं. "कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं," वहिनी म्हणाली. "अशी चूक करणाऱ्याला मी परीक्षेलासुद्धा बसू देत नाही, पाना."

पानाने ओठ चावला. हातातलं फडकं दोनदा झटकलं, मग गाडीच्या टपावर टाकलं. "चल. मीही येते."

निकालाच्या टेबलामागे बसलेल्या प्रमुखाने त्यांचं म्हणणं ऐकलं, कागद उलटसुलट केले आणि म्हणाला, "पण बाई, तुमच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही."

"माझी आहे," वहिनी म्हणाली.

त्याने एक फेरी वजा केली. त्यांचा नंबर चौथा झाला. तिघं टेबलापासून वळले तेव्हा दादाने बायकोचं हेल्मेट स्वतःकडे घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून चालू लागला. माणसं बघत होती, पण तो बघू दे म्हणाला.

थोड्या वेळाने आता तिसऱ्या ठरलेल्या संघाचा मेकॅनिक त्यांच्या गाडीपाशी आला. "तुमचे ब्रेक बघू का?" पानाने चाक काढून दाखवलं. ब्रेक-पॅडचा थर पोस्टकार्डाएवढा उरला होता.

"यावर शेवटचा तास काढला?"

"आमच्या वहिनीने काढला," पाना म्हणाली.

तो उठून गेला आणि आपल्या तिन्ही चालकांना घेऊन आला. "बघा," तो त्यांना म्हणाला. "नीट बघा आणि शिका." ते तिघं पाळीपाळीने वाकून बघत राहिले. पाना बाजूला कमरेवर हात ठेवून उभी होती. तिची मान अशी ताठ झाली होती, की दादाने तिला नंतर विचारलं, उसण तर भरली नाही ना?

घरी निघताना गाडी ट्रेलरवर चढवली. वाटेत पेट्रोलपंपावर थांबले, तर तिथल्या माणसाने ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. "शर्यतीहून आलात वाटतं? कितवा नंबर?"

"चौथा!" पाना म्हणाली.

असं म्हणाली, की त्याने हातातली नळी जागेवर अडकवली, हात पँटला पुसले आणि तिघांशी एकेक करून हस्तांदोलन केलं.