सडा, बाभूळ आणि एक तासाची ज्योत

२००७ साल. लोडशेडिंगनं शेतातले पंप बारा-बारा तास बंद राहायचे. म्हणून अकोल्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मी, नईमा, दोन वर्षं गॅसिफायरच्या मागं लागली होती. बंद भट्टीत लाकूड कोंडून जाळायचं आणि निघेल त्या गॅसवर पंपाचं इंजिन चालवायचं. त्या दिवशी दुपारी दोनला तपासणी समिती येणार होती. गॅसची ज्योत सलग एक तास टिकली तर यंत्र पातूरकडच्या एका गावात बसणार, नाही तर काम बंद अन् मी घरी.

सकाळी भट्टी पेटवली तर नुसता पांढरा धूर! ज्योत भक्कन यायची अन् विझायची. लाकूड तपासलं तर ओलंकच्च.

"मावशी, लाकडाले पाणी कोणं लावलं?"

पार्बतामावशी आमच्याकडे झाडझूड करायची. खुशीत म्हणाली, "म्याच तं! यंत्राचा मोठा दिवस ना, तीन दिस झाले शेणाचा सडा टाकून राहिली. लाकडावरबी शिंपडलं."

माझं डोकंच सणकलं. "डोकं हाय का भोपळा? माह्या दोन वर्षांवर पाणी टाकलं तुमी!"

काय काय बोलली मी, आता आठवलं तरी शरम वाटते. तिनं झाडू भिंतीला टेकवला अन् गेटाबाहेर निघून गेली.

सौर सेल तपासणारा शाकीब खिडकीतून आभाळ पाहत होता. "उन्हात वाळवू म्हणशील तर ऊन कुठंय? तीन दिवस माझे सेलच उपाशी बसले."

बारा वाजता गेटाशी ऑटो थांबला. मावशी उतरली, मागं तीन पोती. चुलीवरच्या माळ्यावर धुरानं खडखडीत झालेलं बाभळीचं लाकूड. तिचं पावसाळ्याचं सगळं जळण! मीटर लावला तर ओल फक्त बारा टक्के. मी काही बोलायच्या आत ती कोयता घेऊन तुकडे करायले बसली.

दोन वाजता ज्योत लागली. निळी, सरळ. समितीनं घड्याळ लावून तासभर पाहिली अन् सही केली.

मी मावशीच्या गळ्यात पडून रडली. "माफ करा वो मावशी. तुमी नसत्या तं मी मेली होती."

"रडते काहून? पोरीचं बोलनं मनावर घ्यायचं असते का?"

"पन आता घरी रांधसान कशावर?"

तिनं पोत्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पाहू."

मी शाकीबला ज्वारीच्या पिठाला अन् तव्याला पिटाळलं. उरलेले तुकडे टाकून भट्टी पुन्हा पेटवली. मावशीनं आमच्या गॅसवर सात भाकरी भाजल्या, दोन आमच्या हातावर ठेवल्या अन् पाच घरी नेल्या.

यंत्र चालवलं की रजिस्टरात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, "पार्बतामावशीच्या घरचा स्वयंपाक." प्रयोगशाळेच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं अन् खाली सही केली.