डावीकडच्या तीन फळ्या

१९३४ सालच्या मार्गशीर्षात, सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत, ब्राह्मणपुरीच्या करणसिंगांची एक घोडी विकायला उभी होती. नाव रूपा, वय सहा, डावा डोळा काट्यानं गेलेला. उजव्या डोळ्यासमोर नुसतं फडकं हललं तरी ती बुजायची. तीन दिवसांत गिऱ्हाईक आलं ते एकच, सुरतेचा एक टांगेवाला. करणसिंगांच्या पागेवरचा गोवाल भिल्ल त्या टांगेवाल्याच्या घोड्या बघून आला होता. त्यांच्या खांद्यांवरचं मांस उघडं पडलेलं होतं. रूपाला गोवालनं जन्मल्या दिवसापासून हातावर वाढवलं होतं. तो दोन दिवस जेवला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी तापीवर धुकं होतं. त्या धुक्यातून कापसाचे दलाल चुनीलालशेठ आले. बरोबर नंदुरबारला कापूस खरेदी करणाऱ्या जपानी पेढीचा माणूस होता, हायाशी. त्यानं घोड्यांकडे पाहिलंच नाही. राहुटीच्या खांबाला गोवालचं बांबूचं धनुष्य टांगलेलं होतं, तिथं तो थांबला. घोड्यावरून मारतोस का, असं त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं.

"घोडावर बठीसन?" गोवाल हसला. "आम्हीन पायवर उभं ऱ्हाईसन मारतस."

मग हायाशी बराच वेळ बोलला आणि चुनीलाल ते अहिराणीत सांगत गेले. त्याच्या गावी मंदिरासमोर सरळ वाट असते. वर्षातून एकदा तिथं घोडा भरधाव सुटतो. स्वार लगाम सोडून देतो आणि डावीकडच्या तीन फळ्या एकामागून एक बाणानं फोडतो. बाण लावताना ओरडतो, 'इन्-यो, इन्-यो', म्हणजे अंधार-उजेड, अंधार-उजेड. हायाशीचा बाप असा स्वार होता. हायाशीला ते आता स्वप्नात दिसतं, पण तिसरी फळी येण्याआधीच जाग येते.

"लगाम सोडीसन?" करणसिंग म्हणाले. "मंग घोडाले धरस कोन? देव?"

"देवच धरत व्हई, बापू. म्हनीसन तर मंदिरना समोर घोडा पयाडतस," चुनीलाल म्हणाले.

असा घोडा इथं असेल तर मी घेईन, हायाशी म्हणाला, आणि त्याला सांभाळणारा माणूसही.

गोवालनं राहुटीपाशी रेंगाळणाऱ्या टांगेवाल्याकडे पाहिलं आणि तो उठला. "मन्ही रूपा पयई. अशीच भरधाव पयई."

"तुन्ही? मालक तू शे का मी?"

"घोडी तुम्हनी, बापू. पयाडसू मी."

"अन् तिना डावा डोळा?"

"फळ्या डावा आंगेच शेतस ना? तिले दिसावच नहीत."

पळाली तर घोडी साहेबाची, असा करणसिंगांनी बोल दिला. गोवालनं एकच अट घातली. माणसंही सगळी डावीकडे उभी राहतील, उजवीकडे फक्त वाळू आणि पाणी. चुनीलालनी वाट पावलांनी मोजली, दोनशे चाळीस. खोक्याच्या फळ्या काढून बांबूंना बांधल्या. धनुष्याची दोरी अंगठ्यानं कशी ओढायची ते हायाशीनं करून दाखवलं. गोवालनं आपला अंगठा मुठीत मिटला.

"आमना लोके दोरीले अंगठा लावतस नहीं."

हायाशीनं धनुष्य त्याच्या हातात दिलं आणि गोवाल घोडीवर बसला.

धुक्यात घोडी आधी ऐकू आली, मग दिसली. लगाम तिच्या मानेवर पडलेला होता. पहिली फळी फुटली. घोडीचे कान मागे वळले, आणि गोवालनं तिला पाण्यावर नेताना घालायची ती हाक घातली, "ह्यो… ह्यो…" कान सरळ झाले. दुसरी फुटली. त्यानंतर तिचे खूर वाळूला टेकत होते की नाही, याबद्दल पाहणाऱ्यांत एकमत नाही. चुनीलालच्या हातात घड्याळ होतं. ते म्हणतात, सगळं मिळून अठरा सेकंद. करणसिंग म्हणतात, एक विडी ओढून झाली असती. दोघंही थंड डोक्याची माणसं.

तिसऱ्या फळीपाशी हायाशीनं डोळे मिटून घेतले. ती फुटल्याचं त्यानं ऐकलं.

घोडी धुक्यात गेली. कुठं थांबली ते कुणाला दिसलं नाही. बऱ्याच वेळानं ती चालत परत आली, शेजारी गोवाल.

हायाशीचा हात खिशाकडे गेला. करणसिंगांनी तो धरला.

"घोडी विकाव नहीं."

"बापू, तुम्हीन बोल दिन्हा व्हता," चुनीलाल म्हणाले.

"बोल सकायना व्हता. घोडी आतेनी शे."

"मग मी?" टांगेवाला म्हणाला.

"तू दुसरी दख."

हायाशी रागावला नाही. तिसऱ्या फळीचे दोन तुकडे त्यानं वाळूतून शोधून काढले, एक गोवालला दिला, एक कोटाच्या आत ठेवला.

"साहेबले तीन तास थंडीमा आठे लई उनू," चुनीलाल कुरकुरले, "अन् साहेब काय ली चालनात? लाकूड!"

दुपारी गोवाल घोडी घेऊन ब्राह्मणपुरीच्या वाटेला लागला. लगाम त्यानं तिच्या मानेवर टाकून दिला होता. नेहमीसारखा तो तिच्या डाव्या बाजूनं चालत होता, जिकडे तिला अंधार होता, आणि थोड्या थोड्या वेळानं हाक घालत होता, "ह्यो… ह्यो…"