रसात बुडालेली अमरवेल

धाकट्या झेल्योला जुळी झाली आणि बाप्तिस्म्याच्या जेवणाला कोकरू पुरलं नाही, ते २००५ साल. त्याच वर्षी त्याची थोरली बहीण नेव्याना प्लोव्दिव शहरातल्या वनस्पती-संशोधन संस्थेत प्रबंधातल्या एका वाक्यासाठी अडून बसली.

वाक्य असं होतं: तंबाखूच्या पेशीतलं मोठं प्रथिन अमरवेलीच्या पेशीत अख्खं, न तुटता, आतल्या वाटेने जातं.

त्यासाठी तिने काचघरात तंबाखू वाढवला होता. त्याच्या पेशींत जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन घातलं होतं आणि रोपांवर अमरवेल चढवली होती. या वेलीला ना मूळ, ना पान. दुसऱ्याच्या खोडात सुया रोवून ती जगते. निळ्या दिव्याखाली तिचा पार शेंडासुद्धा हिरवा दिसे. शेजारच्या बाकावर तुलनेसाठी साधा तंबाखू आणि त्यावरची वेल होती. ती चमकत नसे.

विभागप्रमुख मिन्चेव यांची हयात प्राण्यांच्या पेशींत गेलेली.

"प्राण्याच्या पेशीला भिंत नसते," ते म्हणाले. "ती पुडकं बांधते आणि शेजारणीकडे टाकते. कधी बारीक नळी लांबवते. झाडाची पेशी भिंतीत कोंडलेली."

"भिंतीला बारीक दारं असतात, सर. तुम्हीच शिकवलंत."

"ती घरातल्या घरात. परक्याला कोण दार पाडून देतो? सुई रुतली, जखम झाली, रस गळला, वेल भिजली. बस्स. तेवढं लिही, मी तुझा करार वाढवतो."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर जा आईकडे, तंबाखूची पानं ओवायला."

"ओवीन की. हात अजून विसरले नाहीत."

दोन मार्चला प्रबंध तपासणारी समिती बसणार होती. एक तारखेला सकाळी नेव्यानाने साध्या तंबाखूच्या बाकावरच्या वेलींना लाल-पांढरे दोरे बांधले. त्या दिवशी आमच्याकडे माणसांच्या मनगटाला, कोकरांना, कोवळ्या झाडांनाही ते बांधतात. शिवाय दोन्ही बाकांच्या वेली ओळखू याव्यात, हाही हेतू होता. मग ती सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या धुवायला आतल्या खोलीत गेली.

तेवढ्यात गावाहून तिची आई केरा आली. लेकीच्या मनगटाला दोरा बांधायचा होता. जन्मभर तंबाखू केलेली बाई. चिकाने बोटं काळी पडलेली. काचघरात शिरली आणि तंबाखूवर पिवळी वेल दिसली. पुढचं हातांनीच केलं.

नेव्याना परतली तेव्हा आई घाम पुसत होती.

"काय गं बये, एवढी शिकलीस आणि वेल माजू दिलीस? सगळी ओरबाडली बघ!"

बादलीत दोन्ही बाकांच्या वेली एकत्र कोंबल्या होत्या. वर चमकत्या तंबाखूची चुरगाळलेली पानं. सगळं रसात लडबडलेलं.

"आई, ती मी लावली होती."

"अमरवेल? लावली? डोकं फिरलं की काय तुझं!"

नेव्याना बादलीशी ओणवी झाली. केराचा चेहरा उतरला. "परत चिकटवता येईल का गं?" तिने हळूच विचारलं.

लेकीची नजर बादलीतल्या एका दोऱ्यावर खिळली होती. दोरा बांधलेली, म्हणजे न चमकणारी वेल, चमकत्या तंबाखूच्या हिरव्या रसात बुडालेली. रस गळला होता. वेल भिजली होती.

"आई," ती उठत म्हणाली, "आता कशाला हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिने समितीला निळ्या दिव्याखाली आधी दोरा बांधलेली वेल दाखवली. वरचा रस धुतल्यावर तुटलेल्या टोकाशी जरासं हिरवं होतं, पुढे सगळा काळोख. मग तिने चमकत्या तंबाखूवर वाढलेली वेल ठेवली. पेशीमागून पेशी हिरवी, शेंड्यापर्यंत.

"हा प्रयोग नव्हे," मिन्चेव कडाडले. "हा म्हातारीचा राडा आहे!"

"राडाच आहे, सर. पण तुम्ही म्हणालात तेच घडलं. रस गळला, वेल भिजली. आणि आत काहीच गेलं नाही."

समितीने कागद आवरले. प्रमुखाशी वैर कोण घेणार?

"मी या खुर्चीत असेपर्यंत ते वाक्य इथून बाहेर जाणार नाही."

"मग ते मीच घेऊन जाते," नेव्याना म्हणाली.

करार संपला. उन्हाळ्यात ती आईशेजारी बसून सुईने तंबाखूची पानं दोरीत ओवू लागली.

"एका वाक्यापायी नोकरी घालवलीस," केरा म्हणाली.

"तू नाही का माझं काचघर घालवलंस?"

"फिटलं मग." केराने दोरीला गाठ मारली. "पण खरं होतं ना ते?"

"खरं होतं."

"मग ओव. आणि त्या म्हाताऱ्याला शरण जाऊ नकोस."

शरद ऋतू आल्यावर सोफियातल्या एका प्रयोगशाळेने नेव्यानाला जागा दिली. तिथे तिने सगळं पुन्हा लावलं. या खेपेला साध्या तंबाखूवरची वेल मुद्दाम चमकत्या रसात बुडवून ठेवली. २००८ च्या वसंतात प्रबंध मंजूर झाला, वाक्यातला एक शब्दही न बदलता. केरा पहिल्या रांगेत बसली होती, हात मांडीखाली दाबून, कारण टेबलावर अमरवेल चढलेल्या तंबाखूची कुंडी होती. मिन्चेव यांनाही निमंत्रण होतं. ते आले नाहीत.

केरा २०१० च्या ऑगस्टमध्ये, तंबाखूच्या तोडणीत वारली.